शुभाकाकूंनी राखलेलं गुपित

जर्मनीत र्युसेल्सहाइममधल्या मराठी घरांना शुभाकाकू येणार ही बातमी त्यांच्या विमानाच्या आधी पोचायची. श्रीपाद ग्रुपवर नुसतं लिहायचा, "आई रविवारी येतेय." मग तासाभरात दहा-बारा निरोप. कुणाला सर्दीच्या गोळ्या हव्या, कुणाला पोटाच्या, कुणाला बाळाच्या कानात घालायचे थेंब. ही सगळी माणसं मोटारींच्या कारखान्यात नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यांवर, दोघांतिघांच्या नावामागे डॉक्टरेट. पण इथला डॉक्टर ताप आला की चहा पी म्हणतो, चहा पिऊन उतरला नाही की आणखी पी म्हणतो, आणि रेत्सेप्ट, म्हणजे त्याची चिठ्ठी, दाखवल्याशिवाय आपोथेकेतली, औषधाच्या दुकानातली बाई साधी अँटिबायोटिकची गोळी हातावर ठेवत नाही. अडला हरी. तो शुभाकाकूंचे पाय धरायला यायचा.

काकूंच्या बॅगेत चकल्या-लाडूंच्या खाली स्टीलचा मोठा डबा असे. त्यात गोळ्यांच्या स्ट्रिपा दुखण्यांप्रमाणे लावलेल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांच्या गोल अक्षरात चिठ्ठी: घसा, दाढ, जुलाब, जखम. फलटणला नवऱ्याच्या मेडिकलमध्ये त्या सव्वीस वर्षं काउंटरवर बसल्या होत्या. लायसन्स भास्कररावांचं, अक्कल दोघांची. कुठल्याही डॉक्टरचं कसलंही अक्षर त्यांना वाचता येई, आणि गावातले निम्मे लोक डॉक्टरांकडून निघाले की आधी वहिनींना विचारत, "हे घेऊ ना?" चार वर्षांपूर्वी भास्करराव गेले, दुकान पुतण्याकडे गेलं, आणि शुभाताई वाळिंबे अचानक कुणाच्याच उपयोगाच्या राहिल्या नाहीत. डबा तेवढा पुतण्या अजून भरून द्यायचा.

व्हिसा नव्वद दिवसांचा. वसंतात एकदा यायचं, शरदात एकदा. मुलाचं घर छान होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती आणि हीच खरी पंचाईत होती. भांडी मशीन घासायचं. अश्लेषा, सून, स्वतः नोकरी करून घर असं चालवायची की सासूनं हात लावायला म्हणून एक कोपरा शिल्लक नसे. ती वाईट वागायची असं मुळीच नाही. "आई, तुम्ही बसा हो, दमला असाल," म्हणायची. माणसाला दिवसभर बसा म्हणणं ही काय शिक्षा असते ते तिला कसं कळावं? आणि ओजस, दहा वर्षांचा नातू, आजीचं मराठी सगळं समजायचा आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. तेही मान वर न करता. "जा, आजी." "नाइन, आजी." जा म्हणजे हो, नाइन म्हणजे नाही. संपलं संभाषण.

अश्लेषाचा एकच नियम होता आणि तो तिनं पहिल्याच वर्षी हसत सांगितला होता. "आई, कुणालाही काय हवं ते द्या, पण ओजसला डब्यातलं काही नको हं. त्याचं सगळं इथला मुलांचा डॉक्टर, किंडरआर्त्स्टच बघेल." काकूंनी मान डोलावली. मनातून लागलं त्यांना. अख्ख्या गावाच्या मुलांना चालते ती आजी घरच्या मुलाला चालत नव्हती. पण शब्द दिला म्हणजे दिला.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो शब्द मोडला.

ओजस दोन दिवस खुर्चीत एका बाजूला कलून बसत होता. आई-वडील ऑफिसला गेलेले. काकूंनी विचारलं, काय रे, बसताना दुखतं का? तो नाही म्हणाला, मग रडूच फुटलं. बाथरूममध्ये नेऊन बघितलं तर शौचाच्या जागेला लागून बोराएवढं गळू, लालभडक, तट्ट फुगलेलं. काकूंनी जीभ चावली. तेवढ्यात पोरानं त्यांची बोटं घट्ट धरली. "निख्ट मामा झागन, आजी. बिटे. आईला नाही... नाही सांगायचं."

कारण होतं. आदल्या वर्षी त्याच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा अश्लेषानं शाळेला रीतसर ईमेल केला होता, इथे तसाच नियम. नाव कुठेही नव्हतं, पण पोरांना नावं लागत नाहीत. महिनाभर त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. आता तर ही जागा! आणि दर गुरुवारी शाळेचा पोहण्याचा तास, सगळ्यांनी एकत्र कपडे बदलायचे.

खरं सांगायचं तर काय करायला हवं ते शुभाकाकूंना पक्कं ठाऊक होतं. काउंटरवर असं गळू घेऊन कुणी आलं की त्या स्वतः सांगत, "हे गोळीनं जायचं नाही बाबा, सर्जनकडे जा. चिरून पू काढावा लागतो." कितीजणांना पिटाळलं असेल. परक्यांना दिलेला तो शहाणा सल्ला त्या दिवशी घरच्या पोरापाशी आठवला नाही. आठवला, पण बाजूला सारला. का? तर त्या पोरानं तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून चार शब्द मराठीत काढले होते. त्या घरात त्यांच्यावाचून अडणारं एक काम निघालं होतं. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी घसरतो, आणि शुभाकाकू माणूसच होत्या.

त्यांनी त्याचं वजन केलं, गोळीचे हिशेबानं तुकडे केले, सात दिवस दिले. दुपारी शाळेतून आला की प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी भरून त्यात बसवायच्या. पाण्यात बसून तो बोलायचा. आधी तुटक, मग भडाभडा. शाळेतला कोण कसा, बाई कशा, गोलकीपर व्हायचंय पण उंची पुरत नाही. "गोळी लोखंडासारखी लागते, आजी," म्हणाला एकदा. काकूंनी वर गुळाचा खडा दिला. पाचव्या दिवशी गळू बसलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अश्लेषाला वेगळंच काही दिसत होतं. "आई, ओजसचं मराठी किती सुधारलंय हो!" ती कौतुकानं म्हणाली. "तुमच्यामुळे. नाहीतर आम्ही दोघं ओरडून थकलो." काकू त्यावर हसल्या. तेव्हा त्यांना हसू आलं याचीच पुढे त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

मेअखेर नव्वद दिवस संपले. निघताना ओजस बाथरूमच्या दारात उभा राहून हळूच म्हणाला, "आणि परत आलं तर?" इथे त्यांनी जे केलं त्याला चूक हा शब्द पुरणार नाही. तुकडे करून ठेवलेल्या गोळ्यांच्या दोन पुड्या त्यांनी त्याच्या पेन्सिलींच्या जुन्या पाऊचमध्ये ठेवल्या आणि सांगितलं, "आलंच तर मला फोन कर. मी सांगेन तशा घे."

जुलैत ते परत आलं. फलटणच्या फ्लॅटमध्ये काकू फोनवर, तिकडे दार लावून ओजस. दहा वर्षांचं पोर स्वतःचं दुखणं स्वतः कॅमेऱ्यात दाखवतंय आणि चार हजार मैलांवरून म्हातारी सांगतेय, सकाळी एक, संध्याकाळी एक, वर दही खा. बसलं. सप्टेंबरात काकू पुन्हा आल्या तेव्हा गळवाच्या जागी एक बारीक तोंड उरलं होतं, त्यातून थेंबभर पाणी येई, चड्डीला डाग पडे. त्या डाग स्वतः धुवायच्या, मशीनला लावायच्या नाहीत. वाहतंय म्हणजे निचरा होतोय, बरंच आहे, अशी स्वतःची समजूत घालायच्या. पुन्हा सात दिवस गोळ्या. नोव्हेंबरअखेर पुन्हा दोन पुड्या, आणि जानेवारीत पुन्हा फोनवर सगळं तसंच.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी येत होतं आणि घरात तिघं शहाणी माणसं असून कुणाला दिसत नव्हतं. ओजसला मधूनमधून जुलाब होत, त्याचा दोष शाळेच्या कँटीनवर गेला. जेवण कमी झालं, ते ब्रेड खाऊन भूक मेली म्हणून. हिवाळ्याचा कोट गेल्या वर्षीचाच बरोबर बसला, तेव्हा श्रीपाद म्हणाला, "चला, या वर्षी खरेदी वाचली." वाढत्या वयाच्या मुलाला गेल्या वर्षीचा कोट बसतो यात हसण्यासारखं काय होतं? पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत. जिला माहीत होतं त्या बाईनं डिंकाचे लाडू पाठवले.

या वर्षी मार्चमध्ये काकू आल्या आणि विमानतळावर ओजसला मिठी मारली तेव्हा त्यांच्या हाताला त्याच्या पाठीची हाडं लागली. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता सांगायचं. उद्या सांगू म्हणाल्या. मग गुढीपाडव्याला घरी पंचवीस माणसं जेवायला होती, त्यानंतर सांगू. त्यानंतर श्रीपादचा ऑफिसचा दौरा. आज-उद्या करता तीन आठवडे गेले.

एका शनिवारी सकाळी ओजस उठलाच नाही. पालथा पडलेला, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. अश्लेषानं पांघरूण काढलं आणि ती ओरडली. चादरीवर पू आणि रक्त. श्रीपादनं त्याला उचललं तेव्हा पोर कण्हलं, तसं कण्हणं काकूंनी भास्कररावांच्या शेवटच्या दिवसांत ऐकलं होतं. चौघं गाडीत बसले. ओजस मागच्या सीटवर आईच्या मांडीवर पालथा, काकू त्याचे पाय धरून.

मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या सर्जन म्हणून ज्या बाई आल्या त्या डॉक्टर ब्रांट. पिकलेले केस, ठेंगण्या. आल्या आल्या त्या आई-बापाशी बोलल्या नाहीत, ओजसच्या तोंडासमोर येतील अशा गुडघ्यांवर बसल्या आणि त्याला आपलं नाव सांगितलं. मग तपासलं. मग उभ्या राहून श्रीपादला विचारलं, असं आधी कधी झालं होतं?

"नाही," श्रीपाद म्हणाला. "कधीच नाही," अश्लेषा म्हणाली.

"आल्झो," म्हणजे बरं तर, असं म्हणून डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आत पू वाहण्याची जुनी वाट आहे. एक नाही, दोन तोंडं दिसताहेत. हे काही महिन्यांचं दुखणं आहे. मग त्या पुन्हा ओजसपाशी वाकल्या. काही औषध घेतलं होतंस का? अँटिबायोटिका?

तेवढा एक शब्द काकूंना कळला. ओजसनं त्यांच्याकडे बघितलं. तापानं डोळे लाल झालेले, पण नजर पक्की. "नाइन," तो म्हणाला. "गार निख्ट्स." काहीच नाही.

पोर आजीला वाचवत होतं. स्वतः पालथं पडून, अंगात इतका ताप असताना, ते अकरा वर्षांचं लेकरू आजीसाठी खोटं बोललं. काकूंना वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. भास्करराव काउंटरवर नेहमी म्हणायचे, डॉक्टरशी खोटं बोललं की मरतो तो पेशंट, डॉक्टर नाही. आता गप्प बसलं तर गुपित राहत होतं, सून-मुलाची माया राहत होती, नातवाचा विश्वासही राहत होता. फक्त नातवाचं काय होईल ते सांगता येत नव्हतं.

"श्रीपाद," त्या म्हणाल्या, "त्यांना सांग. मी दिल्यात गोळ्या."

"काय?"

"सांग त्यांना. गेल्या एप्रिलपासून. चार वेळा. दोन वेळा माझ्या हातानं, दोन वेळा मी फोनवर सांगून त्यानं एकट्यानं घेतल्या. नावं सांगते, लिहून घे."

श्रीपादनं पहिलं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. दुसरं त्यानं अर्ध्यावर सोडलं. मग अश्लेषानं पुढचं सांगितलं. सासूच्या तोंडून मराठी वाक्य यायचं, ती ते जर्मनमध्ये करून डॉक्टरांना द्यायची. किती मिलिग्रॅम, किती दिवस, कुठल्या महिन्यात, जुलाब कधीपासून. एक शब्द तिनं गाळला नाही, एक जास्त घातला नाही, आणि एकदाही सासूकडे वळून पाहिलं नाही. डॉक्टर लिहून घेत होत्या. ओजसनं तोंड भिंतीकडे केलं.

त्याच दिवशी भूल देऊन पू काढला. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीनं आतडी तपासली, मोठ्या मशीनमध्ये फोटो काढले. निदान आलं ते क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजाराचं. शरीर आपल्याच आतड्याशी वैर धरतं. पोटात ते लवकर कळत नाही, पण कधीकधी असं खालून गळवाच्या, भगंदराच्या रूपानं पहिल्यांदा बाहेर दिसतं. मुलाचं वजन वाढत नसेल, उंची थांबली असेल आणि असं गळू परत परत येत असेल, तर डॉक्टर आधी हाच संशय घेतात. इथे संशय घ्यायला डॉक्टरपर्यंत काही पोचलंच नव्हतं. गोळ्या सूज तेवढी बसवत राहिल्या आणि खाली वाटा फुटत गेल्या. एक वाट शौच आवरणाऱ्या स्नायूतून गेली होती. ती कापता येत नाही, कापली तर पोराचा ताबा जायचा. म्हणून त्या वाटेत रबरासारखा मऊ दोरा ओवून ठेवला. फलटणचे वैद्य भगंदराला क्षारसूत्र बांधायचे ते काकूंनी ऐकलं होतं, पण तो औषधी दोरा हळूहळू मांस कापत जायचा. हा कापण्यासाठी नव्हता, तोंड मिटू नये, पू आत साठू नये म्हणून होता. किती महिने? बघू, डॉक्टर म्हणाल्या. दर काही आठवड्यांनी शिरेतून औषध. तेही किती वर्षं ते बघू.

काकूंनी श्रीपादला विचारायला लावलं. "हे माझ्या गोळ्यांमुळे झालं का?"

डॉक्टर ब्रांटनी त्याच्याशी न बोलता थेट काकूंकडे बघून, हळू आणि सोपं जर्मन बोलत उत्तर दिलं. नाही. आजार आलाच असता. तो कुणी आणला नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आबर आइन यार." पण एक वर्ष. श्रीपादनं त्याचं मराठी केलं नाही, आणि काकूंना त्याची गरजही पडली नाही. डॉक्टर रागावल्या असत्या तर सोसणं सोपं गेलं असतं.

घरी भांडण झालं नाही. श्रीपाद बोलायचा, पण हवापाण्याचं. अश्लेषानं एकदाच, स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना, पाठमोरी राहून विचारलं, "मला का नाही सांगितलंत, आई? मी त्याची आई आहे हो." काकूंकडे उत्तर होतं. त्यानं मला पहिल्यांदा आपलं म्हटलं होतं, हे ते उत्तर. पण ते सुनेला सांगण्याच्या लायकीचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "चुकले मी." अश्लेषा म्हणाली, "हं." आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

ग्रुपवर कुणाला काही कळलं नाही. मीनल नावाची नवी लग्न होऊन आलेली मुलगी दाढदुखीची गोळी मागायला आली तेव्हा काकूंनी तिला दारातच सांगितलं, "टेर्मिन घे बाई डॉक्टरचा, वेळ ठरवून जा. मी नाही देत आता." ती बिचारी ओशाळून गेली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

ओजस आजीशी वाईट वागला नाही. विचारलं की उत्तर द्यायचा. "जा, आजी." "नाइन, आजी." वर्षभरात आलेलं मराठी त्यानं कुठे ठेवलं कोण जाणे. टबात बसवणं, जखमेवर हँडशॉवर मारणं, कापूस बदलणं, सगळं आता आईच करायची. त्यासाठी तिनं सुट्टी घेतली होती.

मेच्या एका दुपारी अश्लेषा पहिल्यांदाच तासाभरासाठी बाहेर गेली, औषध आणायला. घरात दोघंच. काकू स्वयंपाकघरात डाळ निवडत होत्या. बाथरूमचं दार लागलेलं. आतून पाण्याचा आवाज आला, मग थांबला, मग एक दबलेला हुंदका. काकू ताडकन उठल्या, दारापर्यंत गेल्या. हात दारावर ठेवला. आत ओजस बोलत होता, हळू आवाजात, भराभरा, जर्मनमध्ये. काकूंना त्यातलं "मामा", म्हणजे आई, तेवढं नीट कळलं, आणि दुखतंय हा शब्द, तो आता त्यांना येत होता.

स्वयंपाकघरात त्यांचा फोन वाजला. अश्लेषा होती, रस्त्यात धावत असल्यासारखी धापा टाकत.

"आई, ओजसचा फोन आला होता. दोऱ्यापाशी कापूस चिकटलाय, ओढला की दुखतंय. त्याला गरम पाण्याचा मग आणि स्वच्छ टॉवेल द्याल का दारातून? ओढू नको म्हणावं. मी पोचतेच दहा मिनिटांत."

"देते," काकू म्हणाल्या. "आणि अश्लेषा, मी आत जाऊन बघू का?"

"नको, आई. तो नको म्हणालाय."

काकूंनी पाणी गरम केलं, स्वतःच्या मनगटावर ओतून बघितलं. कपाटातला सगळ्यांत मऊ टॉवेल काढला. दार टकटकवलं. ते वीतभर उघडलं, एक बारीक हात बाहेर आला, त्यानं टॉवेल घेतला, नंतर पाण्याचा मग घेतला.

"ओढू नकोस रे बाळा. भिजू दे आधी. आई येतेच आहे."

"डांके, आजी," आतून आवाज आला, आणि दार लागलं.

पोरानं योग्य तेच केलं होतं. दुखलं की आईला सांगावं, लगेच सांगावं, हे त्याला कळलं होतं, आणि वर्षापूर्वी हेच त्याला शिकवणं आजीचं काम होतं. काकू हे मनाशी दोनदा म्हणाल्या. मग त्या तिथेच पॅसेजमध्ये जमिनीवर बसल्या, तोंडाला पदर लावला आणि आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं रडल्या, आणि खालचं दार वाजल्याबरोबर डोळे पुसून सुनेला वाट करून द्यायला बाजूला झाल्या.